तक्ता छापण्याआधी पातेल्यात डोकवा

भुसावळच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. त्यांनी गृहविज्ञानाची पदवी घेतली आहे आणि एका महिला मंडळाबरोबर त्या काम करतात. शहरातल्या पाच वस्त्यांत त्यांनी वर्षभर ‘चौरस आहार’ या विषयावर कार्यक्रम घेतले. रेल्वे क्वार्टर, मुस्लिम मोहल्ला, लेवा पाटलांची जुनी गल्ली, बौद्ध वस्ती आणि तापीकाठी राहणाऱ्या पावरा-भिल्ल मजुरांच्या झोपड्या अशा त्या पाच वस्त्या. बायका येतात, ऐकून घेतात, सही करतात, चहा पिऊन जातात. घरी मात्र काहीच बदलत नाही. आता पाचही ठिकाणी चालेल असा एकच रंगीत तक्ता छापायचा विचार आहे, त्यात काय काय घ्यावं आणि सुरुवात कुठल्या वस्तीपासून करावी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बावीस वर्षं वस्त्यांमधून काम करतेय. तुम्ही लिहिलंय तेच माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांत माझ्याही वाट्याला आलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डाळ, पालेभाजी, दूध, अंडं चांगलं असतं हे त्या बायकांना ठाऊक आहे. कुठल्याही गल्लीत विचारा, उत्तर बरोबरच येईल. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. घरात डाळ किती शिजते, ती कुणाच्या ताटात किती पडते, किराणा कोण आणतं, आणि चुलीपाशी बसायला त्या बाईच्या हाताशी वेळ किती असतो? या चार प्रश्नांची उत्तरं तुमच्या पाच वस्त्यांत पाच तऱ्हांची असणार. म्हणून एकच तक्ता काम करणार नाही. आधी प्रत्येक वस्तीतल्या दहा-बारा घरांत जाऊन जेवणाच्या वेळी बसा. नुसतं विचारू नका, बघा.

विचारणं आणि बघणं यांत किती फरक पडतो ते सांगते. धुळ्यात एका घरी सून सहा महिन्यांची गरोदर होती. ‘डाळ खातेस का?’ म्हटल्यावर ‘रोज खाते’ म्हणाली. मी दुपारी एकपर्यंत तिथेच बसले. उडदाची डाळ होती, छान घोटलेली, वर लसणाची फोडणी. आधी सासरे जेवले. मग नवऱ्याचा डबा भरला. मग दोन दीर, मुलगी, सासूबाई. प्रत्येकाला वाढताना डाव तळापर्यंत जात होता, कारण दाट डाळ वाढणं हा मान असतो. शेवटी पातेल्यात जे उरलं त्यात तिने अर्धा पेला पाणी घातलं, पातेलं हलवलं आणि भाकरीच्या तुकड्याने कडा पुसून घेतल्या. तिचं जेवण झालं. ती खोटं बोलली नव्हती, रोज डाळ खातच होती.

त्या घरात मी प्रथिनांवर एक शब्द बोलले नाही. सासूबाईंना एवढंच म्हटलं, ‘मावशी, वाढायला घेण्याआधी एक वाटी काढून झाकून ठेवायची, नातवासाठी.’ त्यांनी ठेवली. त्यांनी ठेवली म्हणूनच ती सुनेच्या पोटात गेली. मी सुनेला ठेवायला सांगितली असती, तर तिचा हात झाला नसता. आपल्याकडे पोषणाचे वर्ग बहुतेक सुनांसाठी भरतात आणि स्वयंपाकघराचा हिशेब सासूच्या हातात असतो. तुमच्या कार्यक्रमांना साठीच्या बायका किती येतात ते मोजून बघा.

आता कुठल्या वस्तीत काय सांगायचं, हे बऱ्याच अंशी तिथल्या रेशनवर, पाण्यावर आणि रोजगारावर ठरतं, ते मी इथून सांगू शकत नाही. पण रीत सांगते: त्या घरात आजीच्या काळी काय शिजत होतं आणि त्यातलं आज काय निसटलं, ते शोधा. बाहेरून नवीन पदार्थ आणण्यापेक्षा निसटलेलं परत आणणं सोपं जातं, कारण त्याची चव जिभेला ओळखीची असते. हे मी ठेच खाऊन शिकले. सुरुवातीला मी धुळ्यात नाचणीचे लाडू, नाचणीचं सत्त्व शिकवत होते, कारण पुस्तकात तेच होतं. आमच्या भागात ज्वारी-बाजरीचं राज्य, नाचणी पिकतच नाही म्हणा ना. दुकानात ती महाग, घरात कुणाला तिची सवय नाही. बायकांनी मान डोलावली आणि एकीनेही केले नाहीत. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

मग एका म्हातारीने मला कळण्याकडे नेलं. कळण्याची भाकरी तुम्हाला सांगायला नको, लेवा गल्लीत तर भरताबरोबर ती हवीच. चार वाट्या ज्वारी, एक वाटी सालासकट उडीद, चिमूटभर मेथी, मीठ, आणि सगळं एकत्र दळायचं. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, उडदात २३-२४. या मापाने दळलं की पिठात साडेबाराच्या आसपास जातात. त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो आणि उडदात तो भरपूर असतो. उडदात जे कमी पडतं ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकाच भाकरीत आली की तीच भाकरी जास्त अंगी लागते. डाळ वाढताना मान-पान येतं, शेवटच्या ताटात पाणी येतं, पण भाकरीतली डाळ कुणाला तळातून उपसून घेता येत नाही. शेवटी जेवणाऱ्या बाईलाही तिचा वाटा मिळतो. कळण्यावर माझा जीव आहे तो यासाठी.

मग ही भाकरी घरांतून का गेली? मी तेव्हा पन्नासेक घरांत विचारलं. मला वाटलं होतं उडीद महाग झाला म्हणून. ते एक कारण होतंच. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात म्हणून ज्वारी विकत घेणं कमी झालं, हे दुसरं. तिसरं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं: गिरणीवाला कळणा दळून देत नव्हता. उडदाचं पीठ पाळ्यांना चिकटतं, मागून येणाऱ्याच्या गव्हात उतरतं आणि गिऱ्हाईक भांडतं. घरातली जाती तर कधीच गेली. म्हणजे बाईची इच्छा होती, दाणेही होते, पण दळण अडलं होतं. आम्ही गिरणीवाल्या भाऊंशी बोललो. आठवड्यातला एक दिवस ठरवला, संध्याकाळी सगळ्यांचं दळण उरकल्यावर फक्त कळणा. पहिल्या आठवड्यात चार डबे आले, दोन महिन्यांनी रांग लागायला लागली. मी आयुष्यात दिलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या गिरणीच्या एका संध्याकाळने जास्त काम केलं. तेव्हा ताई, तुमच्या पाच वस्त्यांतल्या गिरणीवाल्यांची, अंड्यांच्या हातगाडीवाल्याची, भाजीवालीची ओळख करून घ्या. पोषणाच्या कामात ही माणसं डॉक्टरइतकी महत्त्वाची आहेत.

मोहल्ल्यात जाताना डाळीचा तक्ता घेऊन जाऊ नका. तिथे दालचा होतो, खिचडा होतो, ज्यांना परवडतं त्यांच्याकडे गोश्त शिजतं. मांसातलं लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा बरंच चांगलं शोषून घेतं. त्यांच्या जेवणाकडे नाक मुरडून पाहिलंत, तर दुसऱ्यांदा कुणी दार उघडणार नाही, आणि उघडूही नये. तिथे मला अडचण दिसली ती चहाची. यंत्रमागाच्या एका मोहल्ल्यात सातव्या महिन्यातली एक बाई होती, हिमोग्लोबिन साडेआठ. जो तो तिला पालक खा, बीट खा सांगत होता. लोहाच्या गोळ्या ती न चुकता घेत होती, ओढणीच्या टोकाला बांधून ठेवायची. मी विचारलं, ‘गोळी कशाबरोबर घेतेस?’ म्हणाली, ‘चाय के साथ, बाजी. सुबह वही तो पीती हूँ।’ चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, शरीरात जाऊ देत नाही. गोळी रात्री जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि चहा जेवणापासून तासभर लांब, एवढंच बदललं. दीड महिन्याने हिमोग्लोबिन दहापर्यंत गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, असं सांगितलंय. बदल फुकटचा आहे आणि पाचही वस्त्यांत लागू पडतो. रमजानमध्ये मात्र वेळा उलटतात. तेव्हा इफ्तारनंतर आणि सहरीला काय घ्यायचं हे तिथल्याच एखाद्या जाणत्या आपांना बरोबर घेऊन ठरवा.

तापीकाठच्या झोपड्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे चूक महागात पडते. नंदुरबारमध्ये एका पावरा मुलीला मी सहा महिने आंबाडी, शेवग्याचा पाला, गूळ-शेंगदाणे सांगत राहिले. फिक्कट दिसायची, थकायची, हातपाय दुखतात म्हणायची. मी तिच्या आईला, ‘तू नीट करून घालत नाहीस,’ असंही बोलले होते. पुढे तपासणीत सिकलसेल निघाला. त्या माउलीची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली. सातपुड्यातल्या आणि आसपासच्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. तो रक्तातला जन्मजात आहे, जेवणाने होत नाही आणि जेवणाने बरा होत नाही. तेव्हा या वस्तीत कुणीही फिक्कट दिसलं तर आधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची पहिली, म्हणजे सोल्युबिलिटीची चाचणी करून घ्या. बोटातल्या थेंबभर रक्तावर ती होते, दोष दिसला तर पुढची, खात्री करणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यामुळे ही तपासणी तिथे मिळते. आजार असेल तर फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, आणि लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात पाणी कमी पडलं की या मुलांना वेदनांचा झटका येऊ शकतो. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाईच्या हातात पाण्याची बाटली आहे का, हा तुमच्या पोषणशिक्षणाचा पहिला प्रश्न असायला हवा. असंच थोडं सिंधी कुटुंबांबाबत. त्यांच्यात थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या जन्मजात आजाराचं वाहक असण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन हलत नसेल तर तपासणीला पाठवा.

याच वस्तीची दुसरी गोष्ट: ही माणसं डोंगरात असताना पावसाळ्यात चार-पाच तऱ्हेच्या रानभाज्या फुकट खात होती. शहरात आल्यावर भाजी विकत घ्यावी लागते आणि पोराच्या हातात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा येतो. बंदी घालून तो सुटत नाही. मी आयांबरोबर दुकानात जाते आणि तेवढ्याच पैशांत फुटाणे किती, शेंगदाणे किती येतात ते कागदावर ठेवून दाखवते. पुड्यातलं चूर आणि ही मूठ शेजारी शेजारी ठेवली की बोलावं लागत नाही. फक्त लहानग्यांना दाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कुटून द्या.

रेल्वे क्वार्टरची मला सगळ्यांत कमी काळजी वाटते. पगार नियमित आहे, बायका शिकलेल्या आहेत. तिथे तेल, मीठ, साखर आणि वाढतं पोट हा विषय घ्या. बिहारकडच्या घरांत सत्तू असतो, दक्षिणेकडच्यांत इडलीचं आंबवलेलं पीठ. त्या बायकांना दुसऱ्या वस्तीत शिकवायला बोलवा. फुटाण्याचा सत्तू बौद्ध वस्तीतल्या आयांना फार पटेल, कारण त्याला गॅस लागत नाही आणि कामावर निघताना दोन मिनिटांत होतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: आधी जेवणाच्या वेळी घरात बसून बघायचं, निसटलेला पदार्थ शोधायचा, तो का निसटला याचं खरं कारण काढायचं, आणि एका वस्तीत एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यायची. तीन महिने तीच.

लहान मुलांचं वेगळं सांगते. तीन वर्षांखालचं मूल असलेल्या कुठल्याही घरी आई म्हणेल, ‘पोऱ्या काहीच खास नही.’ म्हणजे खात नाही. बहुतेक वेळा त्याला वरणाचं पाणी दिलं जात असतं, दाट वरण पचणार नाही या भीतीने. डाळीचा सगळा कस तळाशी असतो. मी दोन चमचे घेते. एकात वरचं पाणी, दुसऱ्यात खालचं घोटलेलं वरण-भात आणि थोडं तेल किंवा तूप. दोन्ही चमचे तिरपे करते. पहिला लगेच रिकामा होतो, दुसऱ्यातलं हळूहळू सरकतं. ‘चमच्यावरून वाहून जाईल ते पोटातूनही वाहून जातं’ हे आया मग एकमेकींना सांगायला लागतात. सहा महिने पूर्ण झाल्यावर दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा असं दाट खाणं, आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध चालूच. केळीबद्दलही ऐकाल. केळीच्या मुलखात राहून सर्दी होईल म्हणून पोराला केळं देत नाहीत. मी वाद घालत नाही, ‘दुपारच्या उन्हात द्या’ म्हणते. तेवढ्याने आजीचं समाधान होतं आणि केळं पोटात जातं.

अंगणवाडी सेविकेला सोडून काही करू नका. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे, आणि वस्तीतलं कुठलं मूल कुठे आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे रोज ठरलेल्या मापाने कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. घरी न्यायचा आहार बऱ्याचदा घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, त्यावरून आईला बोल लावू नका. भुकेलं घर वाटूनच खातं. सेविकेबरोबर दंडाचा घेर मोजायची पट्टी घेऊन फिरा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, किंवा पायावर अंगठा दाबून खळगा राहिला, तर त्या मुलाला लाडू-खिचडी सांगत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. हे काम आपल्या शिक्षणाच्या पलीकडचं आहे.

कार्यक्रमाच्या वेळेबद्दलही लिहायला हवं. नळाला पाणी येण्याच्या दिवशी आणि रेशन सुटतं त्या दिवशी कुणी येणार नाही. दुपारी दोन ते चार, कुणाच्या तरी ओट्यावर, चाळीस मिनिटं. तिथेच शिजवा, वस्तीतलीच बाई शिजवेल, तुम्ही कांदा चिरा. तिच्या बोलीत बोलता आलं तर उत्तम, नाही तर तिला बोलू द्या. मला अहिराणी येते म्हणून ‘भाकर खाई लिधी का?’ म्हणत आत जाता येतं, पावरी येत नाही, म्हणून तिथे मी पावरा समाजातल्या आशा आरोग्यसेविकेला पुढे करते. ‘प्रथिने’, ‘सूक्ष्म पोषक घटक’ हे शब्द अहवालात ठेवा. वस्तीत ‘ताकद’ आणि ‘अंगी लागणं’ एवढं पुरतं.

आणि सह्या मोजणं सोडा. आठ दिवसांनी त्याच घरी जा आणि पिठाचा डबा उघडायची परवानगी मागा. त्यात कळणा आहे का? गेल्या सात दिवसांत बाईने स्वतः किती दिवस दाट डाळ, अंडं, गोश्त किंवा पालेभाजी खाल्ली? सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा लिहून ठेवा. वीस घरांतल्या सात-आठ घरांत बदल दिसला तर काम चांगलं चाललंय असं मी समजते.

सुरुवात कुठून करायची हेही तुम्ही विचारलंय. माझं मत, तापीकाठच्या वस्तीपासून, आणि दिवाळीच्या आत. दिवाळी झाली की त्यातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतील आणि ती पुढे होळीच्या सुमारासच भेटतील. जाण्याआधी मुलांची पट्टीची मापं आणि सिकलसेलची चाचणी व्हायला हवी.

तक्ता अजून छापायला दिला नसेल तर थांबवा. तेवढ्या पैशांत ज्वारी आणि उडीद घ्या, गिरणीवाल्याला दोन महिन्यांची दळणावळ आगाऊ द्या आणि पहिला कळणा वस्तीला तुमच्याकडून होऊ द्या. लेवा गल्लीतल्या एखाद्या आजींना त्या दिवशी तिथे घेऊन जा. तापीकाठच्या नव्या सुनांना कदाचित हे माप माहीत नसेल, आजींना हाताने कळतं.